चिबडातली झाडं

झाड जिवंत आहे की मेलं आहे हे ठरवण्याच्या कामावर मी तीन-साडेतीन वर्षं होते. कुणाला हे काम सांगितलं की आधी हसूच यायचं. आमचं धारूरला कापडाचं दुकान. अंबाजोगाईहून वनस्पतिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले आणि मग घरात बसून राहिले. पाहुणे बघून जायचे, कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. अशात माजलगावकडच्या एका लहानशा संस्थेला झाडांची पाहणी करायला माणूस हवंय असं कानावर आलं. वडील पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून दुकानात बसले होते. त्यांना विचारलं तर कापड मापता मापताच ते म्हणाले, "झाडं मोजायला पोरगी ठेवतेत का कुठं?"

गिऱ्हाईक हसलं. पण वडील 'नको' म्हणाले नाहीत. समोरच्या बाजूला काचेचं दार असलेलं तयार कपड्यांचं दुकान झालं होतं आणि आमच्या दुकानात दुपारच्या वेळी चिटपाखरू फिरकत नव्हतं. घरातलं एक माणूस कमावतं झालं तर बरं, असं त्यांच्या मनात आलं असावं. आठ दिवसांनी तेच मला माजलगावला पोचवायला आले. एका शिक्षकाच्या घरी मागची खोली भाड्यानं घेऊन दिली, आणि परतीच्या एसटीत बसताना एवढंच म्हणाले, "चिखलात चप्पल घालू नको, घसरशील."

चिखल होता हे खरं. धरणाचं पाणी कालव्यानं खाली आलं तसा त्या पट्ट्यातला शेतकरी ज्वारी सोडून उसाकडं वळला. कारखाने जवळ होते, ऊस जात होता, पाणी मोकाट दिलं जात होतं. वरच्या वावरांना दिलेलं पाणी जमिनीच्या पोटातून सरकत सरकत खालच्या वावरात येऊन थांबायचं. काही वर्षांत सगळ्यात खालच्या वावरात पाऊल टाकलं की घोटा बुडायला लागला. उन्हाळ्यात मातीवर खार फुटून पांढरं दिसायला लागलं. अशा जमिनीला चिबड म्हणतात. आमची झाडं ज्यांच्या वावरात होती त्या तात्यांची जमीन सगळ्यांच्या खाली होती, म्हणून सगळ्यांचं पाणी तात्यांकडं आलं.

तात्या साठीच्या घरातले, उंच, खांद्यात वाकलेले. बोलताना समोरच्याकडं न बघता वावराकडं बघून बोलायचे. त्यांनी दोन-तीनदा ऊस लावून बघितला, तो पिवळा पडला. भात लावून बघितला, त्यातही काही राहिलं नाही. मग पाणकणसं उगवली आणि त्यांनी नांगर घालायचं सोडून दिलं. एकुलता एक लेक औरंगाबादजवळ वाळूजच्या कारखान्यात कामाला लागला. त्या दिवसांत आमच्या भागातली शिकलेली पोरं अशीच तिकडं निघाली होती.

आमच्या संस्थेचे सर कालव्यांच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. आपण आखलेल्या कालव्यांनीच ही वावरं बुडाली याची त्यांना मनातून टोचणी असावी, पण ते तसं कधी बोलले नाहीत. ते तात्यांना म्हणाले होते, "ही जमीन वावर म्हणून आता परत येत नाही. तिला पाणथळ म्हणून तरी नीट जगू द्या." मधला खोलगट भाग पाण्याला सोडायचा, कडेनं बांध घालायचा, बांधालगत आणि उंचवट्यांवर पाणी सोसणारी झाडं लावायची, असा बेत होता. करंज, जांभूळ, अर्जुन, वाळुंज. तात्यांनी करार करून जमीन दिली आणि तिथंच राखणदार म्हणून राहिले. म्हाताऱ्यानं वावर बेडकांना आंदण दिलं, असं गावात लोक बोलायचे.

मी गेले तेव्हा झाडं लावून एक पावसाळा झाला होता. प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला तारेनं अडकवलेला. दर तीन महिन्यांनी ओळीनं प्रत्येक झाडापाशी जायचं. पानं असली तर प्रश्न नव्हता. नसली तर नखानं खोडाची साल किंचित खरवडायची. खाली हिरवं लागलं तर झाड जिवंत. तपकिरी लागलं तर आणखी खाली खरवडायचं, मग आणखी खाली, अगदी मातीपर्यंत. एखादी फांदी वाकवून बघायची. कटकन मोडली की समजायचं. वाकणाऱ्या फांदीत जीव असायचा.

तात्या प्रत्येक फेरीला माझ्याबरोबर असायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी झाडापाशी बसले की ते मागं उभे राहायचे आणि माझं म्हणणं खोडून काढायचे.

"हे गेलं, तात्या."

"कावून गेलं? जितं हाय."

"फांदी बघा की. कटकन मोडली."

"फांदी गेली आसंल. झाड न्हाई गेलं. पाऊस पडू द्या, मग बोला."

त्यांचं म्हणणं एखाद्या वेळी खरं ठरायचं. पण बहुतेक वेळा मेलेलं झाड मेलेलंच असायचं. पाऊस पडून जायचा आणि खोड तसंच काळं, कोरडं राहायचं. मग पुढच्या फेरीला ते त्या झाडापाशी थांबायचे नाहीत, जणू ते तिथं कधी नव्हतंच, असे सरळ पुढं निघून जायचे. खार जास्त असलेल्या कोपऱ्यात झाडं ओळीनं गेली. सर म्हणाले, त्या जागी नवीन लावायची नाहीत. काय जगतं आणि काय जगत नाही हे आपल्याला कळायला पाहिजे. त्यामुळं ती वाळलेली खोडं बिल्ल्यांसकट तशीच उभी राहिली. वारा सुटला की पत्रे खुळखुळायचे.

तात्यांची बायको, मावशी म्हणायची मी त्यांना, त्या झाडांकडं वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. वावराच्या वरच्या अंगाला त्यांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, होता. पत्र्याचं छप्पर, पुढं म्हशीचा गोठा, आणि लेकानं वाळूजहून आणलेला टीव्ही, जो वीज असली तर चालायचा. मी बाराच्या सुमाराला डबा खायला तिथं जायची. मावशींचं माहेर चकलांबा. तिकडं कोरडवाहू बाजरीचा मुलूख.

"आमच्या चकलांब्याला पान्यासाठी बायका कोसभर जायच्या," एकदा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "बापानं पानी बगून दिलं मला हितं. मनला, पोरीच्या डोक्यावरचा हंडा तरी उतरंल."

"मग उतरला का?" मी विचारलं.

"हंडा उतरला. वावर बी उतरलं," त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

एकदा त्या मला बांधावरून चालवत घेऊन गेल्या आणि पाणकणसांनी भरलेल्या पाण्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "तितं आमचं खळं व्हतं. लेक खळ्यावरच चालायला शिकला. ज्वारीच्या कनसाला धरून उभा ऱ्हायचा." तिथं एक पाणकोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती. मला ती दिसली, मावशींना दिसली की नाही कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तुपलं काम झालं की ह्ये समदं काढून टाकत्याल का गं, माय?"

मी म्हणाले, "काढायचं नाही, मावशी. हे असंच राहायचंय."

"आसंच?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला आणि ती जागा बदलली. बांधावरचे करंज माझ्या डोक्याच्या वर गेले. वाळुंज पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे वाढले. बगळे आले, बदकं आली, जांभळ्या पाणकोंबड्या तर घोळक्यानं. औरंगाबादहून दुर्बिणी घेऊन माणसं यायला लागली. सर त्यांना फिरवून दाखवायचे आणि तात्या मागून चालत, कुणी विचारलं नाही तरी, "हे अर्जुन, हे जांभळीचं" असं सांगत राहायचे. गावातली ज्यांनी नावं ठेवली होती तीच माणसं आता येऊन बांधावर बसायची. मावशी चहा करून पाठवायच्या, स्वतः खाली यायच्या नाहीत.

पाण्याबरोबर पाणकणसं वाढली आणि बांधाच्या आतल्या बाजूला गवत कमरेपर्यंत आलं. मावशी तिथंच वैरण कापायच्या, कारण वर सगळीकडं लोकांचा ऊस. एक दिवस सर आलेले असताना त्या पहिल्यांदाच त्यांच्यासमोर येऊन बोलल्या.

"साहेब, ह्या गवतात जनावरं लई झालीत. वाटंवर कात पडलेली आसती. येवढी पूर्वेची बाजू कापून काढा."

जनावर म्हणजे साप. सर म्हणाले, "काकू, तिकडं पाखरांची घरटी आहेत. पिल्लं उडून जाऊ द्या, मग सगळी बाजू कापून घेऊ. तात्या, चालेल ना?"

तात्यांनी मान हलवली. "चालंल की. दोन महिन्याचाच तर सवाल हाय."

सरांनी पुढच्या खेपेला रबरी बुटांचे जोड आणले, एक माझ्यासाठी, एक तात्यांसाठी. मी माझे मावशींना देऊ केले. त्यांनी पदर तोंडाला लावून हसायला सुरुवात केली. "बाईमानसानं बूट घालून वैरन कापायची व्हय? गावातल्या बाया हसून हसून मरत्याल." बूट त्यांच्या मापाचेही नव्हते. मी ते परत पायात घातले.

पिल्लं उडाली, पण तोवर दसरा होऊन गेला होता आणि गावातली कापणारी सगळी माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला निघून गेली होती. गावात म्हातारी आणि लेकरं उरली. पूर्वेची बाजू कापायची राहून गेली. तात्या म्हणाले, थंडी गेली की बगू.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती, ऊन मऊ पडलं होतं. मी बांधावरच्या करंजांपाशी होते. मावशींना विळा घेऊन खाली उतरताना मी बघितलं होतं. म्हैस नुकतीच व्यालेली, तिला ओली वैरण लागायची. थोड्या वेळानं मला हाक आली. ओरडणं नव्हतं, नेहमीसारखीच हाक होती. "माय, इकडं ये गं."

मी गेले तर त्या बांधावर पाय पुढं करून बसलेल्या. पोटरीच्या खाली रक्ताचे दोन थेंब.

"पान लागलं बग," त्या म्हणाल्या. साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

"कसलं होतं?"

"दिसलं न्हाई नीट. कुकरावानी फुसफुसलं. म्या मनलं गवतात कुकर कुठून आला."

असं म्हणून त्या थोड्या हसल्या. घोणस असा आवाज करते हे मला माहीत होतं. मी ओढणी काढून गुडघ्याखाली बांधली, त्या काळी सगळे तसंच करायचे, आणि आखाड्याकडं पळत सुटले. तात्या म्हशीला पाणी दाखवत होते. मी काय बोलले ते आठवत नाही. त्यांच्या हातातली बादली पडली आणि म्हैस दचकून मागं सरली, हे आठवतं.

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. ड्रायव्हरनं काही न विचारता दोन्ही ट्रॉल्या रस्त्यातच सोडल्या आणि नुसत्या ट्रॅक्टरवर मावशींना घेतलं. तात्या त्यांना धरून एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. कारखान्याच्या वाटेला बैलगाड्यांची रांग लागलेली होती. ड्रायव्हर उभा राहून ओरडत होता, "सरका बे! सरका! बाईला पान लागलंय!" गाड्या सरकत होत्या, पण उसानं भरलेली गाडी सरकून किती सरकणार? फाट्यावर जीप मिळाली. माजलगावला डॉक्टरांनी सुया टोचल्या, जे करायचं ते केलं. तोवर मांडीपर्यंत सूज चढली होती आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. बीडला न्यावं लागेल म्हणाले. आम्ही त्याच जीपनं निघालो.

त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बराच वेळ त्या शुद्धीवर होत्या. म्हणाल्या, "रेडकाला सोडलं न्हाई. ते वरडत आसंल." तात्या म्हणाले, "सोडतील शेजारी." मग पुष्कळ वेळानं, डोळे मिटलेलेच, त्या म्हणाल्या, "कापायला पायजे व्हतं."

तात्यांनी ऐकलं. ते जीपच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. वडवणी मागं पडली आणि मला जाणवलं की मांडीवरचं ओझं वेगळं झालंय. मी तात्यांना सांगितलं नाही. त्यांनीच थोड्या वेळानं हात पुढं करून त्यांच्या कपाळावर ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "फिरवा गाडी."

लेकाला एसटीडीवरून निरोप गेला तो त्याच्या घराशेजारच्या किराणा दुकानात. पहाटे निघून तो सकाळी पोचला. कारखान्याचा निळा शर्ट तसाच अंगात होता. अग्नी देऊन माणसं परतत होती तेव्हा मी बायकांच्या बाजूला आखाड्यापाशी उभी होते. तो सरळ माझ्यासमोर येऊन थांबला.

"तुमच्या झाडांनी खाल्लं मपल्या मायला," तो म्हणाला.

त्याचा आवाज चढलेला नव्हता. कुणीतरी त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं. कुणी मला काही बोललं नाही, आणि कुणी त्याला चुकीचंही म्हटलं नाही. साप उसातही असतो. त्याच वर्षी वरच्या वावरात उसात एकाला चावला होता. पण त्या उसाला कुणी काही म्हटलं नव्हतं, कारण तो ऊस होता.

तिसऱ्या दिवशी वडील मला न्यायला आले. आखाड्यावर तात्यांसमोर जाऊन बसले. दोघांची ओळख नव्हती. उठताना वडिलांनी हात जोडले. एसटीत ते म्हणाले, "पोरी, दुसरं काही काम बघ. शाळा बघ एखादी."

मी घरी राहिले, पण घरात जेवण जाईना. डोळ्यांसमोर मावशींचं ते बांधावर बसणं यायचं, ते हसणं यायचं. तेरावा झाल्यावर मी वडिलांना म्हणाले, मी एकदा जाऊन येते. ते म्हणाले, जा.

फाट्यावर उतरले तेव्हा धूर दिसला. उसाचं पाचट पेटवलं असेल असं वाटलं. जवळ गेले तसं कळलं की धूर खालून येतोय. पाणकणसं पेटली होती. फटाके फुटावेत तसे आवाज येत होते आणि पांढरी बोंडं हवेत उडून जळत जळत खाली पडत होती. पाखरं वर गोल गोल फिरत होती. तात्या बांधावर उभे होते, पायात ते रबरी बूट.

"कुणी लावली, तात्या?"

"म्या."

वारा आमच्या बाजूला वळला. गवतातून आग बांधाकडं सरकली आणि करंजांना लागली. हिरवी पानं आधी आक्रसली, मग पेटली. वरच्या वावरातली माणसं पळत आली, पण ती आपापला ऊस वाचवायला वावराच्या कडेच्या धुऱ्यावर उभी राहिली आणि हिरव्या फांद्यांनी तिथंच आग बडवत राहिली. आमच्या झाडांकडं यायचं कुणाला कारण नव्हतं. मी एक फांदी तोडून दोन-चार वेळा मारली. धुरानं काही दिसेना, तेव्हा मागं आले. तात्या हललेही नाहीत.

आग बसल्यावर सगळं काळं आणि उघडं झालं. मधलं पाणी तेवढं होतं, त्यावर राख तरंगत होती. तात्या त्याकडं बघून म्हणाले, "आता दिसंल. जनावर आलं तर आता लांबनंच दिसंल."

मग ते आखाड्याकडं गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही.

सर आले. बांधावर बसले. ते तात्यांना रागावले नाहीत. नंतर मला म्हणाले, "पाहणी थांबवायची नाही. जळालेली पण बघायची. आगीत काय टिकतं, तेही कळलं पाहिजे." मला त्यांचा त्या क्षणी राग आला. पण दुसरं काय बोलायचं हे त्यांनाही माहीत नसावं.

मी माजलगावलाच राहिले आणि जानेवारीची फेरी आली. मी एकटीच करणार होते. ओळीच्या टोकाला पोचले तर तात्या आधीच येऊन उभे. मी पहिल्या झाडापाशी बसले.

"मेलं," ते मागून म्हणाले. "लिव्ह."

"बघते की आधी."

"बगायचं काय त्यात? मेलं. फुडं चल."

दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यालाही. पत्र्याचे बिल्ले काळे पडले होते, त्यांवरचे आकडे मी बोटानं पुसून वाचत होते. साल खरवडली की काळंच, आणखी खाली काळंच. एका करंजापाशी मी माती उकरली आणि मुळाच्या वर, अगदी जमिनीलगत, खरवडलं. ओलसर हिरवं लागलं. मला इतकं बरं वाटलं की मी विचार न करता बोलून गेले, "तात्या, बुडाला हिरवं हाय!"

ते वाकले. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी ते बघितलं.

"हाय," ते म्हणाले. "मग काय करू?"

मी माती परत लोटली आणि उठले. उरलेल्या ओळी आम्ही संपवल्या.

पावसाळ्यात करंजांना बुडातून फूट आली. काही अर्जुनांनाही आली. जांभळी सगळ्या गेल्या. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते दवाखान्यात होते. त्यांचं दुखणं त्याच उन्हाळ्यात सुरू झालं होतं आणि ते त्यातून उठले नाहीत. संस्थेला ज्यांच्याकडून मदत यायची त्यांचं लक्ष दुसरीकडं गेलं. काम बंद होतंय असं मला कुणी सांगितलं नाही. फक्त पुढच्या फेरीचं कुणी काही विचारलं नाही.

तात्यांच्या लेकानं पोकलेन आणून वावराच्या मधून ओढ्यापर्यंत खोल चर काढला. मी तेव्हा माझं सामान आवरायला गेले होते, म्हणून ते बघायला मिळालं. पाणी दोन दिवस वाहत होतं. मासे चिखलात उड्या मारत राहिले आणि गावातली लेकरं टोपल्या घेऊन आली. लेक चराच्या काठावर उभा होता. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "ताई, तवा बोललो ते मनात धरू नका." मी म्हणाले, "नाही धरलं." मग तो म्हणाला, "पर ह्ये काडायलाच पायजे. तात्या दिसभर बांधावर बसून आसत्यात. जेवायला बलावलं तर येत न्हाईत." तात्या कुठं आहेत म्हणून विचारलं तर त्यांना त्यानं आदल्या दिवशीच वाळूजला पाठवलं होतं. पोकलेन त्यांच्यासमोर चालवायचं त्याला बरं वाटलं नव्हतं.

त्या जमिनीत मग ऊस लावला. तो कमरेच्या वर गेला नाही, असं मी ऐकलं. मग वीटभट्टीवाल्यानं माती नेली.

मला परळीला शाळा मिळाली. लग्न झालं, लेकरं झाली. एका वर्षी शाळेच्या कामानं औरंगाबादला गेले होते, तेव्हा हातात अर्धा दिवस होता. पत्ता विचारत विचारत वाळूजला गेले. कामगारांच्या वसाहतीत एकासारखी एक घरं, मध्ये अरुंद बोळ. बोळाच्या तोंडाशी निळ्या प्लास्टिकच्या ड्रमांची रांग लावलेली होती आणि त्या रांगेपाशी एका उलट्या बादलीवर तात्या बसलेले होते. डोळ्यांना जाड चष्मा. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं.

"कधी आलतीस, माय?"

"आत्ताच. घरात कुणी नाही का?"

"दोगं बी कामावर जात्यात. नातू शाळंत. टँकर येनार हाय, म्हनून हितं बसलो. उठलं की डरम मागं सारत्यात."

मी शेजारी पायरीवर बसले. मी काय करते ते त्यांनी विचारलं. शाळेत शिकवते, मी म्हणाले. "लेकरं आयकत्यात का?" ते म्हणाले. काही ऐकतात, काही नाही, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मावशींचं नाव ना त्यांनी काढलं ना मी. वावराचंही कुणी काढलं नाही. समोरून कारखान्याची बस गेली, धूळ उडाली, त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं.

टँकर आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. माणसं घराघरांतून पळत आली. तात्या उठले, पाईप कुणीतरी दुसऱ्यानंच धरला, त्यांना ढकलून. मी त्यांचा ड्रम पुढं सरकवला. तो भरेपर्यंत ते एक हात त्याच्या काठावर ठेवून उभे होते आणि गर्दीत कुणाला तरी सांगत होते, "मपला नंबर हाय, मपला." ड्रम भरल्यावर आम्ही दोघांनी तो फिरवत फिरवत दारापर्यंत नेला. चहा करतो म्हणाले. माझ्या गाडीची वेळ झाली होती.

पुढच्या वर्षी परळीच्या बाजारात त्यांच्या गावचा एक माणूस भेटला. भाजी निवडता निवडता त्याच्याकडूनच कळलं की तात्या उन्हाळ्यात वारले, तिकडंच, वाळूजला. गावी आणलं नव्हतं.